आलेले धान्य आणि पिकलेले धान्य



एक छोटासा प्रयोग मी दरवर्षी करतो. अर्थशास्त्राच्या पहिल्या वर्षाच्या वर्गातील मुलांना सांगतो, आज घरी गेल्यावर आजीला किंवा आजोबांना एकच शब्द विचारा, 'मिलो'. दुसऱ्या दिवशी मुले येतात ती हसत हसत. कोणाची आजी म्हणालेली असते, "मेला तो लाल जोंधळा! भाकरी थापली की चिरा पडायच्या." कोणाचे आजोबा सांगतात, बैलसुद्धा हुंगून तोंड फिरवायचा. आणि एखादीची आजी जरा वेळ गप्प बसून म्हणालेली असते, "होता म्हणून जगलो, बाई."

मग मी विचारतो, हा मिलो आला कोठून? वर्ग एका सुरात सांगतो, अमेरिकेतून. फुकट आला की विकत? येथे मात्र वर्गात दोन तट पडतात. आणि ज्यांनी तो खाल्ला त्यांनाही याचे उत्तर ठाऊक नसते. खाणाऱ्याने पोत्यावरचा शिक्का पाहिला, पोत्याची पावती कोणी पाहिली?

एका देशाच्या सरकारने दुसऱ्या गरीब देशाला धान्य पाठवावे, याने त्या देशाचे भले होते की त्याची शेती बसते, हा आजचा विषय. यावर पुष्कळ वाद झाले आहेत. 'भुकेल्याला अन्न देण्यात वाईट काय?' असे एक पक्ष म्हणतो. 'फुकटाची सवय लागली की शेतकरी मरतो,' असे दुसरा म्हणतो. मला विचाराल तर दोघेही पोते कोठे उघडले ते पाहायला विसरतात.

तुमच्याच आठवडी बाजाराचे उदाहरण घ्या. समजा, बाजारात ज्वारीची शंभर पोती आली आहेत आणि शंभर पोत्यांचे गिऱ्हाईकही आहे. त्याच गावात चाळीस घरे अशी आहेत की त्यांना भूक आहे, पण खिशात दमडी नाही. ती घरे बाजाराच्या हिशेबात येतच नाहीत. भूक निराळी आणि मागणी निराळी; मागणी म्हणजे पैसा हातात असलेली भूक. आता या गावात मदतीच्या धान्याची एक ट्रक आली, चाळीस पोत्यांची. ती बाजारात नेऊन स्वस्तात विकली, तर ज्यांच्याजवळ पैसे आहेत तेच ती घेणार, ज्वारीचा भाव पडणार, आणि पुढच्या वर्षी शेतकरी म्हणणार, कशाला पेरा ज्वारी? उलट तीच चाळीस पोती त्या चाळीस घरांना बांधावरच्या कामाची मजुरी म्हणून दिली, तर बाजारातल्या शंभर पोत्यांना धक्का लागत नाही. ट्रक तीच, धान्य तेच. आणखी एक पाहा. ती ट्रक आषाढात आली तर देवासारखी, आणि ऐन सुगीत, खळी भरलेली असताना आली, तर तिच्यासारखा वैरी नाही.

एवढी गोष्ट मनात ठेवून आपण भारताच्या अनुभवाकडे वळू.

दहा जुलै १९५४ रोजी अमेरिकेचे अध्यक्ष आयझेनहॉवर यांनी एका कायद्यावर सही केली. त्याचा क्रमांक ४८०, म्हणून आपल्याकडे तो 'पी.एल. ४८०' या नावाने घरोघर माहीत झाला. अमेरिकेत त्या वेळी गव्हाचे डोंगर साठले होते. तिथले सरकार आपल्या शेतकऱ्याला हमीभाव देऊन माल विकत घेई, आणि मग तो ठेवायला जागा पुरेना. तेव्हा परोपकार आणि पडून राहिलेला माल खपवणे ही दोन्ही कामे एकाच कायद्याने साधली. मी हे टोमणा म्हणून सांगत नाही. शिलकी मालाची विल्हेवाट लावणे आणि नव्या बाजारपेठा मिळवणे हे हेतू त्या कायद्यातच लिहिलेले होते.

भारताशी पहिला करार ऑगस्ट १९५६ मध्ये झाला. यातील बहुतेक धान्य फुकट नव्हते, बरं का. ते विकत होते, पण त्याची किंमत डॉलरमध्ये न देता रुपयांत द्यायची होती. आपल्याजवळ परकीय चलनाची टंचाई, म्हणून ही सोय फार मोलाची वाटली. हे रुपये अमेरिकेच्या नावावर भारतातच जमा होत. त्यातील बराच भाग आपल्यालाच कर्जाऊ मिळे, काही भाग त्यांच्या वकिलातीच्या खर्चाला जाई. पुढे मे १९६० मध्ये आपले त्या वेळचे अन्नमंत्री स. का. पाटील यांनी वॉशिंग्टनमध्ये चार वर्षांचा मोठा करार केला. १ कोटी ६० लाख टन गहू आणि १० लाख टन तांदूळ! तोवर इतका मोठा व्यवहार झालाच नव्हता.

येथे शिक्षकबंधूंसाठी एक गंमत सांगून पुढे जातो. त्या साठलेल्या रुपयांतून १९६२ पासून अमेरिकेने भारतीय भाषांतील पुस्तके विकत घेऊन आपल्या विद्यापीठांच्या ग्रंथालयांत धाडली. त्यांत मराठी पुस्तके आणि मासिकेही होती. म्हणजे आपण खाल्लेल्या पोळीच्या पैशाने आपली कथा-कादंबरी समुद्रापार जाऊन बसली. शेवटी १९७४ मध्ये दोन्ही देशांत हिशेब मिटला, तेव्हा अमेरिकन राजदूत मॉयनिहन यांनी १,६६४ कोटी रुपयांचा एक धनादेश भारत सरकारच्या हाती दिला. एवढे रुपये जमले होते. ते खर्च करावे कोठे हाच प्रश्न होऊन बसला होता.

आणि गाजर गवत? 'काँग्रेस गवत' म्हणून ज्याला आपण शिव्या देतो, ते या गव्हातूनच आले असे गावोगाव सांगतात. पण पुण्यात त्याची नोंद १९५५-५६ च्या सुमारास झाली, आणि करारच १९५६ च्या ऑगस्टातला. त्यापूर्वी १९५१ मध्येही अमेरिकेने कर्जाने धान्य दिले होते. तेव्हा परदेशी धान्यावर संशय घ्यायला जागा आहे, पण पी.एल. ४८० ला एकट्याला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करता येत नाही.

मुख्य आरोप निराळाच आहे, आणि तो गवताहून खोल रुजलेला आहे. अमेरिकेतील नामवंत शेती-अर्थशास्त्रज्ञ थिओडोर शुल्ट्झ यांनी १९६० मध्येच इशारा दिला होता की, असे शिलकी धान्य ओतले तर घेणाऱ्या देशातील शेतमालाचा भाव पडेल आणि तिथला शेतकरी मागे सरेल. पुढे १९७७ मध्ये आयसेनमन आणि सिंगर या दोघा अभ्यासकांनी भारताच्या अनुभवाची छाननी केली आणि म्हटले, नुकसान वाटले होते तितके झाले नाही. कारण हे धान्य बव्हंशी स्वस्त धान्याच्या दुकानांतून गेले. गरिबाला ते स्वस्त मिळाल्याने एकूण खप वाढला. शिवाय बाहेरच्या मदतीवर विकासाची कामे चालली, त्यांतून मजुरांच्या हाती पैसा आला, आणि मजुराच्या हाती पैसा आला की तो आधी धान्यच घेतो. आपल्या आठवडी बाजाराच्या भाषेत सांगायचे तर, चाळीस घरांपैकी काही घरे गिऱ्हाईक झाली.

मला हा दुसरा निष्कर्ष पुष्कळसा पटतो. पण एक गोष्ट उरतेच. गव्हाने आळशी झाला तो शेतकरी नव्हे. आळस आला तो राजधानीत. पहिल्या पंचवार्षिक योजनेत शेती आणि पाटबंधारे यांचा वाटा जवळजवळ एक तृतीयांश होता. दुसऱ्या योजनेत तो एक पंचमांशावर आला. पोलादाचे कारखाने हवे होते, हे खरे. ते नकोत असे मी म्हणणार नाही. परंतु बंदरात गव्हाचे जहाज लागलेले दिसत असताना कोरडवाहू शेतीची काळजी वाहायची घाई कोणाला वाटणार? शहरातल्या रेशनच्या रांगेला आवाज असतो. बांधावरच्या माणसाला त्या वेळी तो नव्हता.

मग १९६५ आणि १९६६ अशी लागोपाठ दोन वर्षे पावसाने दगा दिला. १९६४-६५ मध्ये देशात ८ कोटी ९० लाख टनांच्या आसपास धान्य पिकले होते; पुढच्याच वर्षी ते ७ कोटी २० लाखांवर घसरले. १९६६ साली एक कोटी टनांच्या आसपास धान्य बाहेरून आणावे लागले. हातातोंडाची गाठ आपण म्हणतो. त्या वर्षी जहाजाची आणि तोंडाची गाठ होती. आणि नेमक्या याच वेळी अमेरिकेचे अध्यक्ष जॉन्सन यांनी नवे चार वर्षांचे करार बंद करून थोडे थोडे धान्य, पुढच्या काही आठवड्यांपुरते, सोडायला सुरुवात केली. भारताने शेतीकडे लक्ष द्यावे, ही त्यांची एक अट. ती योग्यच होती. पण व्हिएतनामच्या युद्धावर भारत जे बोलत होता तेही त्यांना खुपत होते, आणि धान्याची दोरी आवळली-सैलावली जात होती ती त्यामुळेही. पंतप्रधान लालबहादुर शास्त्री यांनी लोकांना सोमवारी रात्रीचे जेवण सोडण्याचे आवाहन केले, ते याच टंचाईच्या छायेत.

हा अपमान दिल्लीला झोंबला. अन्नमंत्री सी. सुब्रमण्यम यांनी भाव, खत आणि बियाणे या तिन्ही बाजूंनी काम हाती घेतले. १९६५ मध्ये अन्न महामंडळ निघाले. त्याच वर्षी कृषिमूल्य आयोग नेमला गेला. मुंबई विद्यापीठाचे प्रा. म. ल. दांतवाला हे त्याचे पहिले अध्यक्ष. १९६६ मध्ये मेक्सिकोहून १८,००० टन गव्हाचे बी आणले. गव्हाचे उत्पादन १९६४-६५ मध्ये १ कोटी २३ लाख टन होते, ते १९७०-७१ मध्ये २ कोटी ३८ लाख टनांवर गेले. आपल्याकडे सी.एस.एच.-१ ही संकरित ज्वारी १९६४ मध्ये प्रसारित झाली, तिला शेतकरी नुसते 'हायब्रीड' म्हणू लागला. आणि १९७१ संपता संपता पी.एल. ४८० ची सवलतीची विक्री थांबली.

आता मिलोकडे परत येऊ. १९६६-६७ च्या टंचाईत जो मिलो आला तो या सवलतीच्या योजनेतलाही होता. पण आपल्या आजींच्या तोंडी जो दुष्काळ आहे तो बहुधा १९७२ चा. आणि त्या वेळी सवलतीची विक्री बंद झालेली होती. ते धान्य भारताने परदेशच्या बाजारात रोख किमतीने घेतले. शिवाय १९७३ मध्ये सोव्हिएत युनियनने २० लाख टन गहू उसना दिला. म्हणजे माझ्या वर्गाचे उत्तर अर्धेच बरोबर. लाल जोंधळा परदेशचा खरा, पण तो खाताना कोणाचे उपकार मानायचे कारण नव्हते.

आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे, १९७२-७३ मध्ये महाराष्ट्र जगला तो केवळ आलेल्या धान्यावर नव्हे. राज्यातले धान्य नेहमीच्या निम्म्याच्या आसपास पिकले होते. रेशन अपुरे पडत होते. तरी भूकबळींची जी भीती होती ती खरी ठरली नाही, कारण सरकारने कामे काढली. पाझर तलाव, नाला बंडिंग, रस्ते, खडी फोडणे. १९७३ च्या मे महिन्यात पन्नास लाखांच्या घरात माणसे या कामांवर होती. ज्याचे शेत उजाड झाले त्याच्या हाती आठवड्याची मजुरी पडू लागली, आणि पैसा हाती आल्याबरोबर धान्यानेही वाट शोधली. राज्याराज्यांमध्ये धान्याच्या वाहतुकीवर बंदी होती, तरी ते सीमा ओलांडून येत राहिले, असे ज्याँ द्रेझ यांनी या दुष्काळाच्या अभ्यासात दाखवले आहे. कामावर मिळणारी सुकडीही लोकांना अजून आठवते. रोजगार हमीची कल्पना वि. स. पागे यांनी आधीच मांडली होती. या दुष्काळाने तिची कसोटी घेतली, आणि १९७७ मध्ये तिचा कायदा झाला.

याच्या अगदी उलट चित्र १९७४ च्या बांगला देशात दिसले. नवे राष्ट्र, महापूर, तांदळाचे भाव भडकलेले. बांगला देशाने क्यूबाला तागाची पोती विकली होती, आणि क्यूबाशी व्यापार करणाऱ्या देशाला हे धान्य देता येत नाही, असा अमेरिकेच्या कायद्यातील नियम. मदत अडली. निर्यात थांबवल्यावर ती सुटली, पण जहाजे पोचेपर्यंत दुष्काळाचा कहर होऊन गेला होता. अमर्त्य सेन यांनी १९८१ मध्ये याच दुष्काळाबद्दल एक विलक्षण गोष्ट दाखवून दिली: १९७४ साली त्या देशात माणशी उपलब्ध असलेले धान्य मागच्या-पुढच्या वर्षांपेक्षा कमी नव्हते, उलट जास्तच होते. पुरामुळे शेतमजुराचे काम गेले, भाव चढले, आणि धान्य असून तो उपाशी राहिला. म्हणजे दोन्हीकडून मार. काम नाही म्हणून पैसा नाही, आणि स्वस्त धान्य दुकानात द्यायला सरकारच्या कोठारात पुरेसा साठा नाही, कारण जहाज समुद्रावर.

आता मला तुम्हाला एक सुखाची गोष्ट सांगायची आहे, आणि ती धान्याची नसून दुधाची आहे. आपल्यापैकी पुष्कळांच्या दारात म्हैस बांधलेली असते, म्हणून ती जरा सावकाश सांगतो.

हिवाळ्यात म्हैस दूध जास्त देते. पन्नासच्या दशकात गुजरातेतील आणंदच्या सहकारी संघाचे दूध मुंबईला येई; पण परदेशी दुधाची भुकटी स्वस्त मिळत असल्याने हिवाळ्यातले जादा दूध घ्यायला मुंबई नाखूश असे. परदेशातून आलेले स्वस्त दूध उत्पादकाला कसे मारते ते वर्गीज कुरियन यांनी असे जवळून पाहिले होते. पुढे १९७० मध्ये युरोपातील देशांजवळ भुकटी आणि लोण्याचे प्रचंड साठे पडले. जागतिक अन्न कार्यक्रमाच्या मार्फत भारताला त्यांतली १,२६,००० टन भुकटी आणि ४२,००० टन बटर ऑइल, म्हणजे पाणी काढून टाकलेले लोणी, देणगी म्हणून देऊ केले गेले. फुकटचे दूध! स्वस्तात वाटले असते तर शहरे खूश झाली असती आणि खेड्यातली म्हैस विकली गेली असती.

कुरियन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काय केले? ही भुकटी फुकट वाटली नाही आणि पडेल भावानेही विकली नाही. मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास या चार शहरांच्या दूध योजनांना ती अशा किमतीने दिली की शेतकऱ्याच्या दुधाचा भाव मोडू नये. तिच्यापासून १०० कोटींहून अधिक रुपये उभे राहिले. त्या पैशातून खेड्यांत दूध संघ निघाले, शीतगृहे झाली, टँकर आले, पशुखाद्याचे कारखाने झाले. देणगीची भुकटी कमी होत गेली तशी खेड्यातल्या दुधाने तिची जागा घेतली. यालाच 'दुधाचा महापूर' योजना म्हणतात. तिच्यावर टीकाही झाली. गोव्याचे क्लॉड अल्वारिस यांनी १९८३ मध्ये तिची कडक झडती घेतली होती, आणि सगळ्या राज्यांत ती आणंदसारखी फळली नाही हे खरेच आहे. महाराष्ट्रातले दूध उत्पादकही सगळे समाधानी आहेत असे नाही. भावासाठी रस्त्यावर दूध ओतलेले आपण पाहिले आहे. पण परदेशच्या शिलकी मालातून आपल्या उत्पादकाची दावण भरल्याचे इतके मोठे दुसरे उदाहरण मला ठाऊक नाही.

हल्ली असे विचारले जाते की, मग धान्य पाठवताच कशाला, रोख पैसेच द्या. जवळपासच्या बाजारात धान्य असेल तर हे उत्तम. जहाजभाडे वाचते आणि तिथल्याच शेतकऱ्याचा माल खपतो. अमेरिकेच्या मदतीत तर निम्मे धान्य त्यांच्याच झेंड्याच्या जहाजांतून न्यायचा नियम अनेक वर्षे राहिला, आणि ती जहाजे महाग. भुकेल्याच्या वाट्याचा पैसा असा पाण्यावरच खर्च होतो. पण रोख रकमेचेही एक दुखणे आहे. इथिओपियात २००५ पासून गरिबांना कामाच्या बदल्यात काही भागांत धान्य, काही भागांत पैसे देण्याची योजना सुरू झाली. २००८ च्या सुमारास धान्याचे भाव कडाडले, आणि ज्यांना ठरलेले पैसे मिळत होते त्यांची पिशवी अर्धी भरू लागली. तेव्हा धान्य मिळणाऱ्यांचा त्यांना हेवा वाटला असेल तर नवल नाही. पैशाची मजुरी हवी, पण ती भावाबरोबर वाढली पाहिजे. हे आपल्याकडच्या रोजगार हमीच्या मजुराला मी वेगळे सांगायला नको.

देणारा हात केव्हा आखडेल याचाही नेम नसतो. १९५४ नंतर अनेक दशके जगात सर्वांत जास्त अन्नमदत देणारा देश अमेरिका होता. २०२५ च्या जानेवारीत त्या सरकारने परदेशी मदत एकाएकी थांबवली आणि १ जुलै २०२५ रोजी त्यांची मदतसंस्था, यू.एस.एड., बंद झाली. निर्वासितांच्या छावणीतल्या ज्या आईचे महिन्याचे रेशन तिच्यावर अवलंबून होते, तिला कोणी आधी विचारले नव्हते.

आता आपणही देणाऱ्यांच्या रांगेत आहोत. अफगाणिस्तानातील टंचाईत भारताने ५०,००० टन गहू देण्याचे ठरवले. फेब्रुवारी २०२२ मध्ये त्याचा पहिला ताफा अटारीच्या सीमेवरून पाकिस्तानमार्गे निघाला. फेब्रुवारी म्हणजे तिथे बर्फाचे दिवस, घरातली कणगी रिकामी आणि नवा गहू अजून शेतात. वेळ चांगली साधली. पुढचे ताफे मात्र त्यानंतर अनेक महिने जात राहिले, आणि मे-जूनपासून तिकडे कापणी सुरू होते. त्या दिवसांत आपली पोती बाजाराच्या वाटेने गेली की उपाशी घराच्या, हे मी त्या देशातल्या शेतकऱ्याला विचारीन. कारण आपल्याला ते एके काळी कोणी विचारले नव्हते.